बाबांची अजिनोमोटोबंदी

बाबा रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी व्याख्यानांना जायचं व्रत घेतलं, आणि तेही व्याख्यानापेक्षा नंतरच्या प्रश्नोत्तरांसाठी. पेठेतलं घर सोडून आम्ही हडपसरला फ्लॅट घेतला, तरी बाबा बस बदलून शहरात जायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि शेवटी उठून प्रश्न या नावाखाली स्वतःचं छोटं व्याख्यान द्यायचे. वक्त्याला पाणी प्यायला तेवढाच वेळ मिळायचा.

अशाच एका संध्याकाळी विषय होता स्किझोफ्रेनिया. हा विषय आमच्या घरातलाच. माझा मोठा भाऊ खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिथे त्याला आसपास कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, आणि मग ते आवाज त्याला नावं ठेवायला लागले. गोळ्यांनी आवाज थांबले. पण दादाही थांबल्यासारखा झाला. नोकरी गेली, मित्र गेले, बोलणं ‘हो’ आणि ‘नको’वर आलं. दिवसभर पलंगाच्या कडेला बसून असायचा. फक्त शनिवारी संध्याकाळी आपण होऊन चप्पल घालायचा, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर शेजवान राईस खायचा आणि परत यायचा. त्याला स्वतःला हवीशी वाटणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. आई खिडकीत उभी राहून त्याला जाताना बघायची, आणि तो दिवस तिचा बरा जायचा.

बाबा व्याख्यानाहून परतले ते दारातूनच ओरडत. “सापडलं! ग्लुटामेट!”

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्यासाठी ग्लुटामेट नावाचं द्रव्य लागतं, आणि या आजारात त्या निरोपांत काहीतरी बिघडत असावं, एवढं वक्त्याने सांगितलं होतं. पुढचं बाबांनी ऐकलं नव्हतं, कारण ते प्रश्न जुळवत बसले होते. घरी येईपर्यंत उत्तरही त्यांचं त्यांनीच काढलं. अजिनोमोटोत ग्लुटामेट, चायनीजमध्ये अजिनोमोटो, तेव्हा चायनीज बंद. मग त्यांना आठवलं की टोमॅटोतही ग्लुटामेट असतं. आमटीतून टोमॅटो गेला.

“अहो, आता मलाही काढा स्वयंपाकघरातून,” आई म्हणाली.

त्या शनिवारी दादा चप्पल घालून दारापर्यंत आला. बाबांनी त्याला शास्त्रीय कारण समजावून सांगितलं. दादाने ऐकून घेतलं, चप्पल काढली आणि पलंगावर जाऊन बसला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मला बाबांचा भयंकर राग आला, मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण बोलण्याचं काम ते एकटेच करत होते.

पुढे दादाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा बाबांनी आधी डॉक्टरांना शिकवलं. त्यांनी शांतपणे शिकून घेतलं.

“सर, मेंदू आपलं ग्लुटामेट स्वतःच तयार करतो. खाल्लेलं तिथवर जवळजवळ पोचतच नाही. शिवाय शंका अशी आहे की काही ठिकाणी पेशी हा निरोप नीट घेत नाहीत. कमी खाल्लं की बरं वाटेल, असा तो हिशेब नाही.”

“मग औषध काय?”

“आपल्या गोळ्या मुख्यतः डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या द्रव्यावर काम करतात, म्हणून आवाज थांबले. त्या चालूच ठेवायच्या. पण इच्छाच आटते, त्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ग्लुटामेटच्या वाटेने औषधं शोधताहेत, भरवशाचं अजून हाती आलेलं नाही. तोवर त्याला आपण होऊन करावंसं वाटतं असं काही असेल तर ते जपा. आहे का तसं काही?”

आईने बाबांकडे बघितलं. बाबांना त्या दिवशी एकही प्रश्न सुचला नाही.

बंदी उठली. बाबांनी दादाला सांगितलं, “जा, खाऊन ये.” दादा उठला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. आई खिडकीत जायची बंद झाली. शेवटी, गाडीवरचं कधी तोंडाला लावलं नाही असं अभिमानाने सांगणारे बाबा स्वतः त्या गाडीसमोर रांगेत उभे राहिले आणि पार्सल घेऊन आले.

दादाने एक घास खाल्ला. डब्यात बघत राहिला. मग डबा बंद केला, चप्पल घातली आणि डबा घेऊन निघाला. मी मागोमाग धावले. तो थेट गाडीवर गेला.

“याला चव नाही,” दादा म्हणाला.

“कशी असंल?” गाडीवाला म्हणाला. “काकाच म्हनले, ती पावडर अजिबात टाकू नका. मी सांगितलं, चव यायची नाय.”

दादाने जरा विचार केला. “त्यांचं ऐकत जाऊ नका,” तो म्हणाला. “ते कुणाचंच ऐकत नाहीत.”

त्याला नवीन प्लेट मिळाली. मी पळत घरी येऊन बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांना रडूच फुटलं. मग डोळे पुसून म्हणाले, “काय म्हणाला? परत सांग.”