स्विच नसलेला ट्रॅक्टर

खिडकीतून पेट्रोल आणि ओल्या गवताचा वास आला आणि ती अमेरिकन आजी आठवली. गवत कापायला, बर्फ ढकलायला हवा म्हणून आम्ही तिने विकायला काढलेला जुना गार्डन ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. सीटवरून उठल्यावर इंजिन बंद करणारा स्विच त्यात नव्हता. "सारखं बंद पडायचं म्हणून माझ्या नवऱ्याने काढून टाकला," ती म्हणाली. "मस्त जुगाड यार, हाच घेऊ!" माझा नवरा खूश. "तुमचे मिस्टर कुठे असतात?" मी आजीला विचारलं. ती घरामागच्या उताराकडे बघत राहिली. तिथलंच गवत कमरेएवढं वाढलं होतं. घरी आणल्यावर आम्ही बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. स्विच तेवढा बसवायचा राहिला. आत्ता बाहेर इंजिन चालू आहे, सीट रिकामी आहे आणि नवरा हाकेला ओ देत नाहीये.