साखर वाढवणारं डोहाळजेवण

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सातव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर वाढलेली निघाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी सासूबाईंसमोरच सांगितलं, गोड पूर्ण बंद. तरी वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत डोहाळजेवण झालंच. "डोहाळे अपुरे राहिले की बाळाचे कान फुटतात गं," म्हणत कॉलनीतल्या बायका माझ्या तोंडात जिलब्या कोंबत होत्या. पाकाने बरबटलेली ती परकी बोटं माझ्या ओठांना, दातांना लागत होती. शी! किळस येऊन मी तोंड फिरवलं, तर सासूबाईंनी हनुवटी धरून आणखी एक भरवली. पुढच्या तपासणीत साखर चढलेली. डॉक्टर माझ्यावर भडकले. शेजारच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "काय करणार डॉक्टर, हिचा जिभेवर ताबाच नाही!"