कॉलरचं बटण

दुकानाचं शटर वर गेलं की टेलरमास्तर आधी टाचण्यांची डबी उघडत आणि चार-सहा टाचण्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरत. मग दिवसभर बोलणं तोंडाच्या डाव्या बाजूनं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, एखादी गिळाल!"

"गिळली तर तुमच्याच बिलात लावीन."

म्हणूनच जिभेच्या उजव्या कडेला फोड आला तेव्हा त्यांनी टाचणीला शिव्या घातल्या. टाचण्या डावीकडे गेल्या. फोड जिथल्या तिथे राहिला. बायको मागे लागली, "अहो, डॉक्टरला दाखवा की."

"सुईवर पोट असलेल्याला टोचायचंच गं. शाळेचे गणवेश हातावेगळे होऊ देत."

गणवेश झाले. तोवर शर्टाची कॉलर गळ्याशी आवळू लागली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्याला टेप लावणाऱ्या माणसानं स्वतःचा गळा चाचपला नाही. बटण उसवलं आणि अर्धा इंच कडेला लावलं. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"कापड आटलं, की तुम्ही सुटलात?" ती हसली. तेही हसले. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग येत राहिला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेच बटण काढून जबड्याखाली बोटं दाबली. तपासण्या झाल्यावर म्हणाले, "कॅन्सर जिभेपुरता असता तर दुसरी स्टेज म्हटली असती. त्यातले दहापैकी सहा-सात जण पाच वर्षांनीही जिवंत असतात. पण गळ्यात गाठी उतरल्यात. ही चौथी. दहातले तीन-चार."

"मग हे त्या चारांत, की उरलेल्यांत?" बायकोनं विचारलं.

"ते स्टेज सांगत नाही, ताई. ती घोळक्याचं सांगते, एकट्याचं नाही."

"घोळक्याच्या मापानं शर्ट शिवला तर एकालाही बसत नाही," मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही.

जीभ निम्म्याहून जास्त काढली. मग किरणं दिली. भेटायला येणारे सांगत, मन खंबीर ठेवा, आमच्या ओळखीतला एक जण चौथीतून उठून बसला. त्या एकाचा तिला वीट आला. मास्तर वर्षभरात गेले. तीन-चार जण जगतात म्हणे. ते कुठल्या गल्लीत राहतात, तिला कधी दिसलं नाही.

मधल्या वर्षात ते बोलत, पण शब्द लाळेत विरघळून जात, आणि ती न कळताच "हो हो" म्हणायची. त्यामुळे तिच्यापुरतं त्यांचं शेवटचं बोलणं ऑपरेशनच्या सकाळचं. ट्रॉली वॉर्डाच्या दाराशी थांबली. जीभ जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं. घराचं, लेकीचं, निदान तिच्या नावाचं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून ती वाकली.

"अगं, त्या चपला खाटेखाली सार," ते म्हणाले. "कुणीतरी अडखळेल."