निळ्या ड्रमसेटचं वय

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात बायकोनं जाहीर केलं की ती ड्रम शिकणार. ती सरस्वतीपुरममधल्या एका शाळेत गणित शिकवते, तिची अजून दोन वर्षं नोकरी आहे. लग्न झाल्यापासून मी तिला पोळपाटावर, पिठाच्या डब्यावर आणि स्कूटरवर मागं बसली की माझ्या पाठीवर ताल धरताना बघत आलोय. त्यामुळं मला नवल वाटलं नाही. "शीक की," म्हणालो. शिकायचं म्हणजे घरात ड्रमसेट येणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सेट मिळाला बन्नीमंटपाजवळ. तिथल्या एका माणसाचा ऑर्केस्ट्रा होता, लग्नात आणि गणपतीत वाजवणारा. आता लोक डीजे बोलावतात, म्हणून त्यानं सगळं सामान काढायला घेतलं होतं. सेट चमचमत्या निळ्या रंगाचा, मधे मधे हिरवट पडलेला.

"फॉरिन, सार, पूर्ण फॉरिन. आमच्या वडलांच्या वेळचा," तो छातीवर हात ठेवून कन्नडमध्ये म्हणाला.

"कुठल्या कंपनीचा?"

"फॉरिन कंपनीचा."

मोठ्या ड्रमवर जिथं कंपनीचा बिल्ला असतो, तिथं दोन भोकं आणि एक फिकट लंबगोल डाग तेवढा शिल्लक होता. बायको मात्र तोवर स्टुलावर बसून वाजवायलाही लागली होती. सेट टेंपोतून घरी आला.

दुसऱ्या दिवशी तिचे ड्रमचे मास्तर बघायला आले. ते आमच्या मुलीपेक्षाही लहान, पण बायको त्यांना "सर" म्हणते. त्यांनी छोट्या ड्रमचा एक लग तुटलेला दाखवला. लग म्हणजे ड्रमच्या अंगावर बसवलेला धातूचा तुकडा. पान, म्हणजे ड्रमच्या तोंडावरचा पडदा, ताणायचा स्क्रू त्याच्यात घुसतो. एक तुटला की पान एका बाजूला सैल पडतं आणि ड्रम सर्दी झाल्यासारखा वाजतो.

"मॉडेल कुठलं, किती साली बनलं, ते शोधा," मास्तर म्हणाले. "त्याशिवाय पार्ट मिळायचा नाही."

इथं माझं काम सुरू झालं. मी चौतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात तपासनीस होतो. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे, बसले तर पास करायचे, नाही तर खडूनं फुली मारून परत पाठवायचे. घरी बसून मला मोजायला काही उरलं नव्हतं. मी हॉलमध्ये जुनी चादर अंथरली, माझा मापं घ्यायचा व्हर्निअर काढला आणि सेट उघडायला बसलो.

"परत जोडता येईल न्हवं?" बायकोनं विचारलं.

"इंजिनं जोडलीत."

"तुम्ही कुठं जोडलीत? तुम्ही नुस्ती नापास केलीत."

मोठा ड्रम आणि छोटा ड्रम उघडल्यावर बरंच कळलं. लगच्या खाली, जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथं मूळचा रंग जांभळ्याकडं झुकणारा गडद निळा होता. लाकडाचे तीन पातळ थर, आतून राखाडी रंग, कडेला एक जादा लाकडी वळं. एका कोपऱ्यात अर्धवट फाटलेली कागदी चिठ्ठी, तिच्यावर चार आकडे. मी सगळ्याचे फोटो काढले, मापं लिहिली, आणि जुन्या ड्रमच्या शौकिनांचा इंटरनेटवर एक ग्रूप आहे, तिथं टाकली.

दोन दिवसांत इंग्लंडातल्या एका गृहस्थांचं लांबलचक उत्तर आलं. सेट जपानी. एकच कारखाना असे सेट बनवायचा आणि वेगवेगळे व्यापारी त्यावर आपापला बिल्ला ठोकून विकायचे, म्हणून मॉडेलला धड एक नावच नाही. लगचा आकार आणि आतला रंग बघता वय साठीच्या आत-बाहेर. मी माझं वय कळवलं, तेव्हा त्यांनी लिहिलं, "म्हणजे तुमच्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान असावा. तुमची अवस्था त्याच्याहून बरी असेल अशी आशा."

मग पुढं एक ओळ होती. 'पण तिसरा ड्रम या सेटचा नाही, त्याची चमक वेगळी दिसते. तो काय आहे, मला सांगता येत नाही.'

तिसरा म्हणजे उजव्या हाताला तीन पायांवर उभा राहणारा. तो मी शेवटी उघडणार होतो. उघडला आणि चादरीवर तसाच बसून राहिलो. आत थर नव्हतेच. पिवळसर लाकडाच्या उभ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, आतून रंधा मारून गोल केलेल्या. मोजल्या, सोळा निघाल्या. सांध्यात नख जाईना. लग दिसायला बाकीच्यांसारखेच, पण पितळेचे, आणि पाठीमागं कानशीचे ओरखडे. स्क्रू काढून आटे मोजले. बाकी सेटचे आटे मिलिमीटरचे, याचे जुने इंची. तसले आटे पाडायची हत्यारं मी नोकरीला लागलो तेव्हा वर्कशॉपातून भंगारात जात होती.

"अहो, मग हा कुठला?" बायकोनं विचारलं.

"फॉरिन तर नव्हे," मी म्हणालो. "हा इथलाच. फणसाचं लाकूड आहे."

दुसऱ्या दिवशी त्याचा एक पितळी लग खिशात घालून मी लष्कर मोहल्ल्यात गेलो. तिथं बँडची वाद्यं दुरुस्त करणारी दोन दुकानं राहिलीत. पहिल्यानं नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं लग हातात घेऊन उलटा केला, ओरखडे पाहिले आणि हसला. "हे तुमच्याच माणसाचं काम," तो म्हणाला. तुमच्या म्हणजे मराठी बोलणाऱ्याचं; माझ्या कन्नडवरून त्यानं ओळखलं होतं. त्यानं पत्ता सांगितला. मी जिथून सेट आणला, तिथून चार गल्ल्या पलीकडं.

ब्याऐंशी वर्षांचे ते काका मुलीकडं राहत होते. डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मी लग त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला.

"इथं कानस घसरली होती," ते म्हणाले. "निळा ड्रम. आहे अजून?"

"आमच्या घरी आहे, काका."

"वाजतोय?"

"माझी बायको वाजवते."

ते बराच वेळ हसले. मग हकीकत सांगितली. ऑर्केस्ट्राची लॉरी नंजनगूडहून येताना दोर सुटला, सेटमधला मूळचा तिसरा ड्रम रस्त्यावर घरंगळला आणि मागून येणारी बस त्यावरून गेली. पाच दिवसांवर गणपतीचा कार्यक्रम. मालकाचे वडील रडकुंडीला आले. काकांनी मृदंगवाल्याकडून फणसाचं लाकूड आणलं, पितळ ओतून घेतलं, रात्रंदिवस बसून ड्रम उभा केला. वरचा निळा चमचमता कागद मिळेना, तेव्हा नाटकातले मुकुट करणाऱ्याकडून चमकीचा कागद आणला आणि त्यावर वार्निशचे सहा हात दिले.

"तवा ही पाळण्यात होती बगा," त्यांनी मुलीकडं हात केला.

मुलगी दारातून म्हणाली, "अय्यो, म्हणजे ड्रम पण पन्नाशीचा झाला की!"

"पण काका, मालक तर सांगतो सगळा फॉरिन."

"त्याच्या बापानंच सांगितलं, सुम्मने राहा, कुणाला बोलू नको. फॉरिन म्हटल्यावर सुपारी जास्त मिळत होती. मी सुम्मने राहिलो." मग म्हणाले, "कार्यक्रमाला मी समोर बसायचो. बाकी काही ऐकायचो नाही. हाच एक ऐकायचो."

मी तुटलेल्या लगचं सांगितलं. डोळे चालत नव्हते, म्हणून त्यांना करता येणार नव्हता. त्यांनी मुलीला खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. आत फडक्यात गुंडाळलेल्या कानशी आणि आटे पाडायचे टॅप होते, इंची आणि मिलिमीटर दोन्ही. "तूच कर," ते म्हणाले. तुम्हीवरून तूवर ते कधी आले, मला कळलं नाही.

मी आयुष्यात काही बनवलं नव्हतं, हे मला त्यांच्या ओट्यावर बसून पितळ घासायला लागल्यावर कळलं. पहिला लग त्यांनी बोटानं चाचपला आणि परत दिला. "वाकडा." दुसरा मी व्हर्निअरनं तपासून, पास करून नेला. तोही परत. "माप बरोबर आहे रे. पण हात लावून बघ, जिवंत वाटतो का?" तिसऱ्याला अकरा दिवस लागले. तो त्यांनी मुठीत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाले, "आयतु, झालं. बसव."

लग बसला. रविवारी मी रिक्षा करून काकांना आणि त्यांच्या मुलीला घरी घेऊन आलो. बायकोनं शाळेत तपासणी असते तसं पातळ नेसलं होतं. तिनं मास्तरांनी शिकवलेलं वाजवलं, एकदा चुकली, परत सुरू केलं. काकांनी मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर ते उठले, भिंतीला धरत धरत उजवीकडच्या ड्रमपाशी गेले, कडेला कान लावून एकेक स्क्रू थोडा थोडा पिळत गेले. "आता हाण, पोरी."

तिनं एक ठोका मारला. खिडकीची काच थरथरली. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. माझ्या बायकोनं काकांकडं पाहिलं, आणि छप्पन्न वर्षांची ती गणिताची बाई अगदी मोठ्यानं हसली.

इंग्लंडातल्या गृहस्थांना मी सगळं लिहून कळवलं. त्यांनी विचारलं, कारागिराचं नाव ग्रूपच्या जुन्या ड्रमच्या यादीत घालायचं का. काकांना विचारलं तर म्हणाले, घाला. मग थोड्या वेळानं म्हणाले, मुलीचं पण घाला, तिच्यामुळं साल कळलं.

आता काका दर गुरुवारी येतात. मास्तरही त्याच वेळी यायला लागलेत. ते दोघं आणि बायको हॉलमध्ये बसून पानं किती ताणावीत यावर वाद घालतात. मला त्यात कुणी विचारत नाही. मी आत कॉफी करतो. डिकॉक्शन कडक होतं, अशी तक्रार आहे.