स्मशान नसलेल्या गावाची सुंदरामावशी

सगळ्यात आधी माधवकाकांचं नाव लिहितो. त्यांनी उभ्या हळदीची पट्टी खणून जागा मोकळी केली नसती, तर सुंदरामावशीला न्यायचं कुठं, हे आमच्या थोर गावाला अंधार पडेपर्यंत सुचलं नसतं.

मावशी जाऊन महिना होत आला. मी आठवी सोडून चाकणला आलो, तेव्हापासून इथल्याच कॅन्टीनमध्ये कामाला. गाडीत बसवून दिलं होतं मावशीनंच. त्या दिवशी सकाळी फोन आला, ती गेली... मी निघालो, पण पोचेपर्यंत ठेवतील का, याचाच घोर.

औंढ्याच्या रोडवरचा आमचा फाटा तिनं वसवला. बाभळींशिवाय तिथं काही नव्हतं. नवरा वारल्यावर तिनं रांजण भरून ठेवला, शेजारी चहाची चूल मांडली. एसटी थांबेना, तर रस्त्यात आडवी उभी राहायची. "उतर रं, पाणी पी, मंग जा!" ड्रायव्हर पाण्याला थांबू लागले, माणसं उतरू लागली, दुकानं आली. मग आले प्लॉटवाले. रस्त्याकडेची रानं तुकडे करून विकली. मंगल कार्यालयं झाली, कमान झाली, तिच्यावर पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव. मेलेल्यासाठी मात्र कुणी हातभर जागा सोडली नाही. शेतवाले आपापल्या शेतात जळायचे; हिला शेतच नव्हतं.

एकदा मी कौतुकानं म्हणालो होतो, "मावशे, केवढं गाव झालं तुझं!"

"गाव काहून म्हणून राहिला रे? गावात मेलेल्याला बी जागा असते. हा तर नुसता बाजार हाय."

त्या दिवशी गाडीतूनच मी आमच्या ग्रामपंचायत सदस्याला फोन लावला. "माहेरी न्या ना तिला," तो म्हणाला, "इथं आज लग्नाची तीथ दाट हाय." श्रद्धांजलीचा बॅनर मात्र दुपारीच लागला. त्यात मावशी तिकिटाएवढी, आणि खाली सगळे शोकाकुल गॉगल लावून.

माधवकाकांचं रान फाट्यामागं. गिऱ्हाइकं बांधावर बसतात म्हणून जन्मभर तिच्याशी भांडलेले. मी गाडीत असतानाच त्यांचा फोन आला. "बाई लई भांडखोर. पण पाणी तिचंच पेलो ना आमी... तू ये पोरा, घाबरू नको. थांबतो." आणि थांबले; मी पोचल्यावरच हळदीच्या त्या पट्टीत तिला अग्नी दिला.

रांजण तिथंच आहे, काकांची सून भरते. मावशीच्या बोलण्याप्रमाणं ते आता कुठं गाव झालं, तेही कमानवाल्यांमुळं नाही.

काका, तुमी शंभर वर्षं जगा. पण हे मी फेडणार. तुमची वेळ येईल तेव्हा कितीबी लांब असलो, तरी पहिला खांदा माझा.