मागं बांधलेले हात

आमच्या ऑइल इंजिनाच्या कारखान्यात नव्या कामगारांना एक मिस्त्री शिकवायचे. शिकवताना ते हात पाठीमागं बांधून उभे राहत. माणूस कितीही चुको, त्याच्या हातातली लोखंड घासायची कानस ते कधी घेत नसत. नुसतं म्हणायचे, "कानशीचा आवाज ऐक की गड्या!"

आणखी एक शिकवणारा नेमायचा ठरला. मी तिथला कारकून, जाहिरात मला लिहायची होती, म्हणून त्यांनाच विचारलं, "अंगी काय गुण हवेत?"

"लिवा भाऊसाहेब, हात मागं ठेवता आलं पायजेत."

मला हसूच आलं. तेवढ्यात मालक ओरडत आले. इंजिनाच्या एका भागासाठी गिऱ्हाईक येऊन बसलं होतं आणि गारगोटी गावाहून आलेला नवा गडी अजून तोच भाग घासत होता.

"मिस्त्री, तुमीच करा की! पाच मिनिटांचं काम हाय."

"आज मी केलं तर उद्याबी मलाच करावं लागंल, मालक."

मालक धुसफुसत गेले. मिस्त्री गड्यासमोर हात मागं बांधून उभे राहिले. माझं टेबल त्यांच्या पाठीमागं होतं. गड्याची कानस वाकडी गेली, की मिस्त्रींचा एक हात पुढं यायला बघायचा आणि दुसरा त्याला मनगटाशी घट्ट धरून ठेवायचा.

मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.