काडी लावून पाहणारा

नेरमध्ये आमच्या गल्लीत गॅसची शेगडी बिघडली की सायकलवाल्यालाच बोलावतात. तो पंक्चर काढतो, म्हणजे त्याला गॅसची गळतीही कळणारच, असा आम्हा सगळ्यांचा समज. त्याच्या दोन्ही भुवया अर्ध्या जळालेल्या आहेत. त्याला आम्ही अनुभव म्हणतो. माझी लेकरं शेजारी जेवत असली तरी तो नळीपाशी खुशाल पेटती काडी धरतो. "काई होत नाही वहिनी, मी पाहून राह्यलो ना!"

परवा तो बायको-पोरांना घेऊन रस्त्यापलीकडे उभा दिसला. त्याच्या घरात गॅसचा वास येत होता आणि एजन्सीचा मेकॅनिक आत नळी तपासत होता.

"भाऊ, काडी काहून नाही लावली?" मी विचारलं.

तो माझ्यावरच खेकसला, "घरात लहान लेकरं हायेत ना बाप्पा!"